आरशातल्या नोट्स

मालकांनी दुकानात फळा आणून लावला, तेव्हाच नानांच्या मनात पाल चुकचुकली होती. केशकर्तनालयात फळ्याचं काय काम? ते काम मालकांनी शेजारी उभं राहून, घसा खाकरून सांगितलं, आणि नानांना वाटलं, यापेक्षा न सांगता नुसता फळाच लावला असता तर बरं झालं असतं.

"तीन दिवस दुकान बंद," मालक म्हणाले. "दोन दिवस ट्रेनिंग, तिसऱ्या दिवशी परीक्षा. पास होईल त्याची कात्री चालू राहील. नापास होईल त्याने कात्री खाली ठेवायची आणि बेसिनवर उभं राहून लोकांची डोकी धुवायची. मी मालक असलो तरी मीसुद्धा परीक्षा देणार. नियम म्हणजे नियम."

हे बोलताना त्यांनी पंख्याकडे बघितलं, पावडरच्या डब्याकडे बघितलं, दाराबाहेरच्या कुत्र्याकडेसुद्धा बघितलं. नानांकडे तेवढं बघितलं नाही. नाना काय समजायचं ते समजले.

मालक म्हणजे कोणी परके नव्हेत, नानांच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. दुकान मूळचं सासऱ्यांचं. त्यांच्या मागे ते मुलाकडे आलं, आणि मुलाने पहिल्या दिवशीच मोठ्या अक्षरात पाटी बदलून घेतली. नानांना त्याचं काही वाटलं नव्हतं. खिडकीजवळच्या खुर्चीमागे एकतीस वर्षं ते उभे होते, आणि पाटीवर काय लिहिलंय ते खुर्चीमागून दिसत नाही. पण नानांची गिऱ्हाइकं नानांबरोबर म्हातारी होत गेली. त्यांच्या डोक्यावरचे केस कमी झाले आणि तोंडातल्या गोष्टी वाढल्या. एकेक जण पाऊण तास बसायचा, त्यातली दहा मिनिटं केसांची आणि बाकीची गुडघ्यांची. तेवढ्या वेळात मालक तीन डोकी उरकायचे. भावोजींना तोंडावर 'आता पुरे' म्हणायची मालकांची छाती नव्हती, कारण मग बहिणीने कान धरला असता. म्हणून परीक्षा. परीक्षेने काढलं की माणसाने काढल्यासारखं होत नाही, असा त्यात हिशेब.

नाना घरी गेले आणि जेवताना बायकोला म्हणाले, "मला आता बेसिनवर उभं करणार."

"कोण करतो बघते," बायको म्हणाली.

"तू काही बघू नकोस. मी पास होतो."

म्हणाले खरे, पण शेवटची परीक्षा त्यांनी कधी दिली होती ते त्यांनाही आठवत नव्हतं, आणि निकाल मात्र चांगला आठवत होता.

ट्रेनरबाई सकाळी नवाच्या ठोक्याला हजर झाल्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. एका हातात टॅब, दुसऱ्या हातात टोपलीत ठेवलेलं एक प्लास्टिकचं डोकं, त्याला खरे केस. त्यांनी ते डोकं टेबलावर ठेवलं आणि समोर तिघांकडे बघितलं. तिघे म्हणजे मालक, नाना आणि तिसऱ्या खुर्चीवरचा कारागीर, पैलवान. पैलवानाने आयुष्यात कुस्ती खेळली नव्हती, पण दाराच्या चौकटीतून तो तिरका होऊन आत यायचा, म्हणून पैलवान.

"पहिला नियम," ट्रेनरबाई म्हणाल्या, "कागद-पेन्सिल बंद. आता सगळं मोबाइलवर. फोटो काढा, टाइप करा, रेकॉर्ड करा, तुमची मर्जी. परीक्षेत नोट्स उघड्या ठेवून बघायची परवानगी आहे. म्हणजे पाठ काही करायचं नाही. ओके?"

आणि पैलवानाच्या कानावरची पेन्सिल त्यांनी स्वतःच्या हाताने काढून घेतली. पैलवानाचा कान एकदम उघडा पडला. दिवसभर तो तिथे हात नेऊन चाचपत होता.

नानांना पाठ करायचं नाही हे ऐकून जरा धीर आला. मोबाइल त्यांच्याकडे होता. मुलीने घेऊन दिला होता आणि फोटो काढायलाही तिनेच शिकवलं होतं. आतापर्यंत त्यांनी त्यावर एकूण चार फोटो काढले होते, त्यातले तीन स्वतःच्या अंगठ्याचे होते.

आता बसण्याची व्यवस्था बघा, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. दुकानात बसायला तीन खुर्च्याच, त्याच त्या केस कापायच्या, जमिनीला पक्क्या बसवलेल्या आणि तोंड आरशाकडे. फळा लावला होता मागच्या भिंतीला. मालकांनी आपली खुर्ची फिरवली, पैलवानाने फिरवली, त्यात तिची कुरकुर झाली पण फिरली. नानांची खुर्ची चार वर्षांपासून अडकलेली होती. ती दुरुस्त करू, करू, असं मालक चार वर्षं म्हणत होते. तेव्हा नाना फळ्याकडे पाठ करून बसले आणि आरशातून फळा बघू लागले.

"आजोबा, तुम्हाला दिसतंय का?" ट्रेनरबाईंनी विचारलं.

"स्पष्ट," नाना आरशातल्या ट्रेनरबाईंना म्हणाले.

खोटं नव्हतं ते. एकतीस वर्षं आरशात बघून माणसाचं काय होतं ते नानांकडे बघून कळावं. ते गिऱ्हाइकाशी आरशात बोलायचे, दारातून आलेल्याला आरशात नमस्कार करायचे, बाकावर बसलेल्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र आरशातून उलट्या अक्षरांत वाचायचे आणि तो पान उलटायच्या आत ते वाचून संपवायचे. दुकानातलं घड्याळ मागच्या भिंतीवर होतं, तेही आरशातच बघायचे. त्यामुळे घरी गडबड व्हायची. सुट्टीच्या दिवशी घरच्या घड्याळात साडेदहा वाजलेले असले की नानांना दीड दिसायचा आणि ते ताटावर येऊन बसायचे. रस्त्यात वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक भेटलं तरी त्यांना ओळख पटायची नाही, कारण त्याचा भांग भलत्याच बाजूला दिसायचा. लोकांना वाटायचं नानांना गर्व झाला.

तर ट्रेनरबाईंनी फळ्यावर एक मोठा चेहरा काढला, आपल्याकडे तोंड करून बघणारा. त्याच्या डोक्याचे भाग पाडले, भागांना आकडे दिले, प्रत्येक भागात किती बोटं केस ठेवायचे ते लिहिलं. ह्या कटला त्या वन साइड म्हणाल्या. एका बाजूला केस हनुवटीपर्यंत लोंबत ठेवायचे, दुसऱ्या बाजूला कानाच्या वर नेऊन जवळजवळ साफ करायचे. नानांच्या धंद्यात अशी चूक झाली की गिऱ्हाईक पैसे न देता उठत असे. आता ती शिकायला दुकान बंद ठेवलं होतं.

"लांब बाजू गिऱ्हाइकाच्या डाव्या हाताला," ट्रेनरबाई म्हणाल्या. "नेहमी डाव्या. ओके?"

हे वाक्य त्या दोनदा बोलल्या. दोन्ही वेळा ते कोणी ऐकलं नाही. पहिल्यांदा मालक फोनवर कोणाला तरी 'मी ट्रेनिंगमध्ये आहे, ट्रेनिंगमध्ये, ट्रे-निंग' असं ओरडून सांगत होते, आणि पैलवान टाइप करत होता. दुसऱ्यांदा नाना फोटो काढत होते आणि फोनमधून एकाएकी वीज चमकली, ती आरशावर आपटून त्यांच्याच डोळ्यांत आली. पुढची दोन मिनिटं त्यांना ट्रेनरबाईंच्या जागी हिरवा गोळा दिसत होता. शिवाय ऐकायचं कशाला? सगळं फोनमध्ये चाललं होतं ना. फोन शिकत होता, माणसं नुसती बरोबर आली होती.

दोन दिवसांत नानांनी त्रेसष्ट फोटो काढले. ट्रेनरबाईंनी फळ्यावर ठिपका दिला की नाना फोटो काढत. त्यांनी फळा पुसला, तोही काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी चहा पिताना फोन आला. मालक होते.

"भावोजी, तुमच्या नोट्स झाल्या का नीट?"

"झाल्या की. तुझ्या?"

मालकांनी दोन्ही दिवसांचं रेकॉर्डिंग केलं होतं, पण फोन खिशात ठेवून. चार तास खिसा ऐकू येत होता. पैलवानाने मोठ्या निष्ठेने टाइप केलं होतं, पण त्याचा एक अंगठा एका वेळी चार अक्षरांवर पडायचा. दोन दिवसांत त्याची जी काही नोट झाली होती ती त्याने मालकांना वाचून दाखवली, आणि ती कुठल्या भाषेतली, असं मालकांनी विचारलं होतं.

"तेव्हा तुमचे फोटो जरा दुकानाच्या ग्रुपवर टाका," मालक म्हणाले. "काय आहे, घरातलीच माणसं आपण."

नानांना मनापासून बरं वाटलं. कात्री काढून घ्यायला निघालेला मेहुणा आपल्याच नोट्स मागतोय, याचं कोणाला बरं वाटणार नाही? त्यांनी मुलीला हाक मारली. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, नुकतीच कायम झाली होती. तिने फोन हातात घेतला, एक फोटो बघितला, दुसरा बघितला आणि मग तिने बापाकडे बघितलं.

"बाबा, हे सगळं उलटं आहे."

"कुठे उलटं आहे?"

"अक्षरं उलटी आहेत. आणि प्रत्येक फोटोत तुम्ही आहात."

ते खरं होतं. आरशाचा फोटो काढला की काढणारा त्यात येणारच. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोटोंत खालच्या कोपऱ्यात नाना होते, फोन छातीशी धरून, भुवया गोळा करून, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे. एका फोटोत त्यांच्या डोक्यामागून प्रकाश फाकला होता. बायको तो बघून म्हणाली, "हा मोठा करून लावू या भिंतीला."

"थांबा, मी सरळ करून देते," मुलगी म्हणाली. तिने एकेक फोटो बोटाने उलटा केला, म्हणजे सरळ केला, आणि सगळे ग्रुपवर टाकले. लगोलग मालकांचं उत्तर आलं. हसणारी अकरा तोंडं आणि खाली एक ओळ: 'भावोजी, आरशाचे फोटो काढलेत होय!' त्याच्या खाली पैलवानाचं हसणारं एक तोंड आलं. बहुतेक त्याला आणखी काढायची असणार, पण अंगठा चुकला असेल.

नानांनी ती अकरा तोंडं मोजली. त्यांना ते लागलं. ज्याला कात्री कशी धरायची ते शिकवलं त्याने नोट्स घ्यायच्या आणि वर दात काढायचे! चहा अर्धा ठेवून ते कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभे राहिले.

"इकडे ये, बस जरा," ते बायकोला म्हणाले.

"कात्री नाही ना हातात?"

"नुसता कंगवा."

"शपथ घ्या."

नानांनी शपथ घेतली. मग त्यांनी सरळ केलेला फोटो आरशाला टेकवून ठेवला आणि बायकोच्या केसांतून कंगवा फिरवायला सुरुवात केली. फोटोत एक नंबर, आरशात एक नंबर, फोटोत दोन, आरशात दोन. हात चालायचा, पण मनाला पटत नव्हतं. त्यांनी आपला जुना, उलटा फोटो लावला. आकडे उलटे होते, पण उलटे आकडे त्यांना काय नवीन? हात आपोआप चालायला लागला. काल दुपारी आरशात ट्रेनरबाईंचा हात त्या प्लास्टिकच्या डोक्यावर जसा चालला होता तसाच.

"माझाच फोटो बरोबर आहे," नाना म्हणाले.

"बाबा, तो उलटा आहे. सरळ असेल तोच बरोबर असणार ना?"

"ते चित्र समोरून बघितलेलं आहे. मी गिऱ्हाइकाच्या समोर कधी उभा राहतो का? मी मागे उभा राहतो आणि आरशात बघतो."

"मग?"

मग काय ते नानांना सांगता येईना. आतून कळत होतं, पण बाहेर काढायला गेलं की डावं-उजवं एकमेकांच्या अंगावर पडत होतं. त्यांनी दोनदा हातवारे करून बघितले आणि सोडून दिलं.

"ते राहू दे. उद्याला डोकं कोणाचं आणायचं?" त्यांनी विचारलं. परीक्षेला प्रत्येकाने आपापलं डोकं आणायचं होतं. नानांची गिऱ्हाइकं जिवाला जीव देणारी होती, पण केसांचं म्हटलं तर त्यांच्याकडे द्यायलाच काही नव्हतं. ज्या एक-दोघांना होते त्यांनी वन साइडचं चित्र बघितलं आणि त्यांचे गुडघे दुखायला लागले.

"माझं घ्या," मुलगी म्हणाली.

मुलीचे केस खांद्याच्या खाली होते, जाड, आणि तिने लहानपणापासून जपलेले.

"सोमवारी तुझा ओळखपत्राचा फोटो आहे ना?" आई म्हणाली. "पाच वर्षं गळ्यात घालून फिरायचंय ते."

"म्हणून तर म्हणते, बाबा नीट कापतील." मग नानांकडे वळून ती म्हणाली, "फक्त सरळ केलेले फोटो वापरा. प्लीज."

नाना 'हं' म्हणाले. हे 'हं' होकाराचं होतं की नव्हतं, ते त्यांनाही ठरवता आलं नाही. रात्री ते कूस बदलत राहिले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

सकाळी तीन खुर्च्यांवर तीन डोकी बसली. मालकांनी आपल्या साडूला आणलं होतं. पैलवानाने धाकट्या भावाला आणलं होतं, तो आकाराने त्याचाच अर्धा होता. नानांच्या अडकलेल्या खुर्चीवर मुलगी बसली, गळ्याभोवती पांढरं कापड, केस ओले. तिघांनी आपापले फोन आरशाच्या कडेला टेकवून ठेवले. तिन्ही फोनवर कोपऱ्यातून नाना भुवया गोळा करून बघत होते.

"वेळ पंचेचाळीस मिनिटं," ट्रेनरबाई म्हणाल्या. "मी मदत करणार नाही. नोट्स आहेत ना सगळ्यांकडे?"

"फर्स्ट क्लास आहेत," मालक म्हणाले आणि त्यांनी कात्री दोनदा हवेत वाजवली.

मालकांचा हात चांगला होता, हे नानांना मान्य करावं लागे. फोनकडे बघ, आरशाकडे बघ, कापलं. फोनमध्ये लांब केस उजवीकडे, आरशात उजवीकडे लांब ठेवले. पैलवान मालकांकडे बघून कापत होता.

नानांनी कंगवा उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. समोर सरळ केलेला फोटो होता. मुलीने सकाळी स्वतः लावून दिला होता. हा फोटो मानला आणि चुकलं, तर चूक मुलीने केली असं म्हणता येईल. आपला मानला आणि चुकलं, तर नानांनी पोटच्या मुलीचे केस अर्धे उडवले, ते दुकान आणि शेजारपाजार मिळून वर्षभर सांगतील. आणि कात्री तर जाईलच. एकतीस वर्षांनी दुसऱ्याच्या कापलेल्या डोक्यावर पाणी ओतत उभं राहायचं, ह्या विचाराने त्यांनी कंगवा ह्या हातातून त्या हातात घेतला. त्यांना भीती वाटत होती, साधी, शाळेत वाटते तशी.

त्यांनी बोटाने फोटो सरकवला आणि आपला उलटा फोटो आणला.

मुलीने ते आरशात बघितलं.

"बाबा, ते उलटं आहे," ती हळूच म्हणाली. हात कापडाखाली असल्यामुळे तिला दुसरं काही करता येत नव्हतं.

"हो."

"बाबा, सोमवारी माझा फोटो आहे."

"माहीत आहे गं."

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

नानांनी आरशातल्या मुलीकडे बघितलं. "नक्की नाही माहीत," ते म्हणाले. "पण हात म्हणतोय."

मुलीने डोळे मिटून घेतले. "मग कापा," ती म्हणाली, "पण पटकन."

नानांनी पहिली बट कापली. खांद्याखालचे केस फरशीवर पडले. मग मात्र ते थांबले नाहीत. उलटा एक, उलटा दोन, उलटा तीन. हात चालत होता, तोंड बंद होतं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गुडघ्यांविषयी एक शब्दही न बोलता डोकं संपवलं. शेजारून मालकांनी एकदा डोकावून बघितलं, आपलं डोकं बघितलं, पुन्हा नानांचं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया आली.

"भावोजी," ते हळूच म्हणाले, "बाजू चुकली तुमची."

"असू दे," नाना म्हणाले.

वेळ संपली. ट्रेनरबाईंनी तिन्ही डोकी उठवून रांगेत उभी केली, तोंड आपल्याकडे करून. मग टॅबवर मूळ चित्र उघडलं आणि एकेका चेहऱ्याशेजारी धरलं. साडू, मग टॅब. पैलवानाचा भाऊ, मग टॅब. त्यांची मान दोन वेळा इकडून तिकडे फिरली आणि कपाळावर आठी पडली. मग त्या मुलीसमोर आल्या, टॅब वर धरला, खाली घेतला, पुन्हा वर धरला.

"हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे एकच बरोबर आहे. बाकीच्या दोघांनी लांब बाजू उजव्या हाताला काढली आहे."

"असं कसं?" मालक म्हणाले. "नोट्स बघूनच कापलंय! सरळ नोट्स!"

त्यांनी फोन आणून दाखवला. ट्रेनरबाईंनी फोन बघितला, आरसा बघितला, मग स्वतःच्या उजव्या-डाव्या हाताकडे बघितलं. त्यांनी पाच वर्षांत दोनशे माणसं शिकवली होती, पण टेबलावरच्या डोक्यावर, आरसा न वापरता. त्या साडूच्या समोर उभ्या राहिल्या, मग मागे जाऊन उभ्या राहिल्या, पुन्हा समोर आल्या. साडूला ते आवडत नव्हतं, पण अर्धं डोकं गेलेला माणूस फारसा वाद घालत नाही.

"अच्छा," त्या शेवटी म्हणाल्या. "चित्र समोरून काढलेलं. समोरच्या माणसाचा डावा हात आपल्याला उजवीकडे दिसतो. आरशात मात्र डावा हात डावीकडेच दिसतो. तुम्ही चित्र आरशाशी जुळवलंत, म्हणून बाजू बदलली. आजोबांचं चित्र आधीच आरशातलं होतं, म्हणून ते जुळलं." त्यांनी नानांकडे बघितलं. "पण मी दोनदा सांगितलं होतं, डाव्या हाताला म्हणून."

तिघांनी माना खाली घातल्या. ऐकलं कोणीच नव्हतं, नानांनीही नाही. पण पास एकटे नाना झाले होते.

मुलीने डोळे उघडले, डोकं एकदा झटकलं, आरशात बघितलं आणि पुन्हा झटकलं. एका बाजूचे केस हनुवटीवर आले, दुसऱ्या बाजूने कान उघडा पडला. "बाबा," ती म्हणाली, "आता फोटो सोमवारी नाही, आजच काढू या." आणि तिने बापाला मिठी मारली, कापडासकट. नानांच्या शर्टभर ओले केस चिकटले.

ट्रेनरबाई टॅबवर तीन नावांपुढे निकाल लिहून निघून गेल्या. साडू टोपी मागून निघून गेला. मालक आपल्या खुर्चीमागे उभे होते. तोंड उतरलं होतं. त्यांनी कात्री पुसली, मिटली, कप्प्यात ठेवली, कप्पा लावला आणि मागे बेसिनकडे गेले. तिथे पैलवान आधीच येऊन उभा होता.

"बेसिन एकच आहे, मालक," पैलवान म्हणाला.

"मग तू टॉवेल धर."

पैलवानाने टॉवेल धरला. दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले. मालकांची बाही पैलवानाच्या दंडाखाली अडकली होती, ती त्यांनी ओढून घेतली. नियम म्हणजे नियम, असं कोणी म्हणालं नाही, पण ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

नानांना वाटलं होतं, ह्या क्षणी आनंद होईल. झालाही, पण अगदी थोडा, आणि लगेच संपला. हाच मेहुणा सतरा वर्षांचा पोरगा असताना ह्याच बेसिनपाशी रडला होता. बाप ओरडला होता म्हणून. त्या दिवशी नाना जवळ गेले नव्हते, गिऱ्हाईक होतं खुर्चीवर. नानांना ते आज उगाचच आठवलं.

ते गेले आणि बेसिनपुढच्या खुर्चीवर बसले. मान मागे टाकली.

"धू," ते म्हणाले. "सगळे केस शर्टात गेलेत माझ्या."

मालकांनी नळ सोडला. एकतीस वर्षांत ह्या दुकानात नानांचं डोकं कोणी धुतलं नव्हतं. वरून पाणी आलं तसे नानांनी डोळे मिटले.

डोळे मिटलेल्या माणसाशी बोलायला सोपं जातं. मालकांनी शॅम्पू घेतला, चोळला, आणि बराच वेळ नुसतेच चोळत राहिले.

"भावोजी," ते म्हणाले, "ही परीक्षा मी तुम्हाला काढायला ठेवली होती."

"माहीत आहे," नाना म्हणाले. "पाणी गार आहे."

मालकांनी दुसरा नळ सोडला, पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन बघितलं आणि मग हळूहळू नानांच्या डोक्यावर सोडलं. टॉवेल धरलेला पैलवान भिंतीकडे बघत होता.

"चुकलं माझं," मालक म्हणाले.

"हं."

"मग माझ्या कात्रीचं काय?"

नानांनी डोळे न उघडताच हाताने आपल्या कानामागची जागा दाखवली.

"आधी इथे नीट चोळ," ते म्हणाले. "साबण राहिलाय. मग बघू."

आणि मालक बाह्या वर करून, अगदी मन लावून, कानामागे चोळू लागले.